हरकत असल्यास आत्ताच

माझं अस्वल मेलं तेव्हा मी चष्मा पुसत होतो.

थँक्सगिव्हिंगची सुट्टी होती. सिएटलच्या शेजारी बेलव्ह्यू म्हणून गाव आहे, तिथं मुलाकडे आम्ही दोघं सहा महिन्यांच्या मुक्कामाला होतो. बाहेर पाऊस. आपल्याकडचा पाऊस एकदाचा ओतून मोकळा होतो. तिकडचा नुसता पिरपिरत राहतो. छत्री उघडावी इतका पडत नाही आणि मिटावी इतका थांबत नाही. बारा वर्षांचा नातू म्हणाला, "आबा, पत्ते खेळू या?" मी लगेच मांडी ठोकली. तीनशेचार, मेंढीकोट, लाडीस, झब्बू, कशालाही आपण तयार. वाड्यात मला भिडू म्हणून घ्यायला भांडणं व्हायची.

त्यानं डबा उघडला तर आत ना बदाम ना इस्पिक. प्रत्येक पानावर राक्षस नाहीतर आग, आणि खाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात मजकूर. खेळाचं नाव 'मॅजिक: द गॅदरिंग'. रिचर्ड गारफील्ड नावाच्या गणितज्ञानं तो रचला आणि ऑगस्ट १९९३ मध्ये तो बाजारात आला. तो काढणाऱ्या 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' कंपनीची कचेरी रेंटनला, म्हणजे मुलाच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. थोडक्यात, मी पंढरपुरात उतरलो होतो आणि विठ्ठल कोण म्हणून विचारत होतो.

तर तुम्ही एक जादूगार, समोरचा दुसरा. दोघांना वीस-वीस प्राण. प्रत्येकाचा आपापला साठ पानांचा कॅट. जमिनीची पानं मांडायची, ती आडवी केली की मॅना मिळतो. मॅना म्हणजे रोकड. त्या रोकडीवर मंत्र टाकायचे, प्राणी उतरवायचे. सातबारा आणि पीककर्ज ज्याला समजतं त्याला इथपर्यंत काही अवघड नाही.

तीन जमिनी झाल्यावर मी दोन आडव्या केल्या आणि अस्वल उतरवलं. ताकद दोन, टणकपणा दोन. मग त्याची खेळी आली. त्यानं एक लाल जमीन आडवी केली, "लाइटनिंग बोल्ट, तीन डॅमेज" म्हणाला आणि माझं अस्वल उचलून ग्रेव्हयार्डच्या ढिगात ठेवलंसुद्धा. मी चष्मा नाकावर चढवला. माझी तिसरी जमीन उभी होती आणि हातात 'जायंट ग्रोथ' होतं. एका हिरव्या मॅनात कुठल्याही प्राण्याची ताकद आणि टणकपणा त्या टर्नपुरते तीन-तीननं वाढतात.

"थांब," मी म्हणालो. "हे घे. अस्वल पाचाचं झालं. तिनानं मरत नाही."

"आता नाही चालत, आबा. ते गेलं."

"अरे आत्ताच तर गेलं. अजून गरम असेल."

"आबा, टायमिंग!"

नातू मला 'आबा, तू' म्हणतो. आदरार्थी बहुवचन अजून अटलांटिक ओलांडून गेलेलं नाही. पण 'टायमिंग' हा शब्द त्यानं असा उच्चारला की मला आमच्या जुन्या साहेबांची आठवण झाली. मी गप्प बसलो. अस्वल गेलं.

मग त्यानं मला या खेळाचं मर्म सांगितलं, आणि खरं सांगायचं तर ते मला सूनबाईच्या पोळ्यांमुळे समजलं. तिची तव्याशी लगबग चालली होती. पहिली पोळी डब्यात तळाशी, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी. जेवायला बसल्यावर ताटात आधी कुठली येते? सगळ्यात शेवटी भाजलेली. पहिली बिचारी तळाशी वाफ धरून बसते. या खेळात मंत्र तसेच एकावर एक साचतात आणि वरचा आधी लागू होतो. ते लोक त्याला 'स्टॅक' म्हणतात. आपल्याकडे चळत हा नेमका शब्द पडलेला आहे, पण नातवाला तो शिकवायला गेलो तर तो 'चळत' म्हणजे 'चाळत' समजला आणि पानं चाळायला लागला.

मला तर हे आधीपासून ठाऊक होतं म्हणायला हवं. तेहतीस वर्षं मी एका सरकारी कचेरीत आस्थापना शाखेला होतो. साहेबांच्या टेबलावर शेवटी आलेली फाइल सगळ्यात वर बसते आणि तीच आधी सुटते. तळातली फाइल सुटेपर्यंत अर्जदार निवृत्त होतो. फक्त आम्ही त्याला नियम म्हणत नव्हतो.

दुसऱ्या डावात मी शहाणा झालो. त्यानं बोल्ट टाकला तसा मी ओरडलो, "जायंट ग्रोथ!" माझं पान त्याच्या पानावर पडलं, म्हणून आधी लागू झालं, अस्वल पाचाचं झालं आणि मग पोचलेला बोल्ट गुदगुल्या करून गेला. काय आनंद झाला म्हणता! तिसऱ्या डावात तोच प्रकार करायला गेलो. त्याचा बोल्ट, त्यावर माझी ग्रोथ, आणि मी मिशीला हात लावतोय तोवर त्यानं शांतपणे माझ्या ग्रोथवर दुसरा बोल्ट ठेवला. म्हणजे आता चळतीवर वर काय? दुसरा बोल्ट. तो आधी लागू. तेव्हा अस्वल अजून दोनाचंच. मेलं. मग माझी ग्रोथ उघडली, पण वाढवायचं कुणाला? वाया. मग पहिला बोल्ट, त्यालाही मारायला कोणी नाही. तोही वाया. रिकाम्या मैदानावर एका मेलेल्या अस्वलाला टॉनिक पाजलं गेलं आणि मग पुन्हा वीज पडली. हिशेब बरोबरीचा होता, दोन पानं त्याची गेली, दोन माझी. पण जिवाला लागतं ते लागतंच.

यातली गंमत अशी की पानावर काय लिहिलंय याला अर्धीच किंमत. बाकी अर्धी किंमत ते कधी टाकलं याला. म्हणून मंत्रांच्या दोन जाती केल्या आहेत. 'सॉर्सरी' म्हणजे आमची कचेरी: स्वतःच्याच खेळीत, ठरलेल्या टप्प्यात, आणि चळत रिकामी असेल तरच. 'इन्स्टंट' म्हणजे कचेरीबाहेरचा चहावाला: तुमची खेळी असो की समोरच्याची, केव्हाही हजर. निळ्या रंगाचं 'काउंटरस्पेल' हे या जातीतलं. दोन निळे मॅना मोजले की समोरच्याचा मंत्र जागच्या जागी रद्द. पंगतीत वाढपी जिलबी घेऊन आला की आपण पानावर हात आडवा धरतो ना, तेच. पण हात जिलबी हवेत असतानाच धरायचा. एकदा ती मठ्ठ्याच्या वाटीशेजारी उतरली की 'नको हो' म्हणण्याला कवडीची किंमत नाही, खावीच लागते.

मी त्याच्या एका राक्षसावर काउंटरस्पेल टाकायला गेलो तर नातू म्हणाला, "आता तो स्पेल नाही. टेबलवर आला ना, आता तो क्रीचर आहे." मला हा भेद पटला. मुलगा पाहायला येतो तोवर काय हव्या त्या हरकती घ्या. अक्षता पडल्या की तो मुलगा राहत नाही, जावई होतो, आणि जावयावर काउंटरस्पेल चालत नाही. त्याच्यासाठी वेगळी पानं असतात, महाग असतात आणि वेळेवर हातात नसतात.

आता समोरच्याला हरकत घ्यायला संधी मिळणार कशी? त्यासाठी 'प्रायॉरिटी' नावाची वस्तू आहे. ती दिसत नाही, पण टेबलावर सतत इकडून तिकडे फिरत असते. ज्याची खेळी त्याला आधी बोलायचा हक्क. त्यानं पान टाकलं आणि 'मला आणखी काही म्हणायचं नाही' म्हटलं की हक्क दुसऱ्याकडे. दोघंही ओळीनं 'काही नाही' म्हणाले तर आणि तरच सगळ्यात वरचं पान उघडतं. ते एकच उघडतं. त्यानंतर पुन्हा विचारणा.

"आबा, आता प्रायॉरिटी माझी."

"बाळा, या घरात कायम तुझीच असते. आजीला विचार."

गंमत सोडा. माझ्या मते मनुष्यजातीनं पत्त्यांच्या खेळासाठी केलेला हा सगळ्यात सभ्य नियम आहे. आमच्या सोसायटीच्या सभेत तीस वर्षांत मी एकही ठराव असा पाहिला नाही की ज्याच्या आधी कोणी थांबून प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहिलं. इथं बारा वर्षांची पोरं अस्वल मारायच्या आधी "ओके?" म्हणून विचारतात.

अर्थात काही क्षण असे की तिथं कुणालाच बोलायचा हक्क नाही. खेळीच्या सुरुवातीला आडवी पानं उभी करतात तेव्हा आरती चालू असल्यासारखं दोघांनी गप्प राहायचं. जमिनीचं पान टाकलं तर त्यालाही हरकत नाही. ते चळतीत जातच नाही, थेट फेरफार नोंद. आणि खेळीच्या अगदी शेवटी एक टप्पा असतो, 'एंड स्टेप'. मुरलेले खेळाडू आपलं इन्स्टंट समोरच्याच्या एंड स्टेपपर्यंत दाबून ठेवतात, कारण तोवर समोरच्यानं आपलं सगळं करून झालेलं असतं आणि लगेच आपल्या जमिनी पुन्हा उभ्या होणार असतात. हे तंत्र मराठी पाहुण्याला कुणी शिकवायला नको. दोन तास बैठकीत बसून हवापाण्याचं बोलतो, पोहे खातो, 'येतो हं' म्हणून उठतो, आणि एक पाय चपलेत घालून दारात म्हणतो, "बरं, ते तेवढं पन्नास हजारांचं जमेल का?" तुमच्या सगळ्या जमिनी आडव्या. काय करता?

उलट बाजूनंही हे चालतं. एका दुपारी नातू दोन निळ्या जमिनी उभ्या ठेवून बसला होता. दोन निळे म्हणजे काउंटरस्पेलचे पैसे तयार. मी हातातला मोठा प्राणी टाकू की नको करत तीन खेळ्या वाया घालवल्या. तो गालात हसत होता. शेवटी हरल्यावर मी म्हटलं, दाखव बघू हात. हातात चार जमिनी. मंत्र एकही नाही. नुसत्या उभ्या जमिनींवर त्यानं मला अर्धा तास वचकात ठेवलं. आमच्या कचेरीतले एक हेडक्लार्क कुलूपबंद कपाटाकडे नुसतं पाहायचे आणि समोरचा माणूस अर्ज मागे घ्यायचा. त्यांच्या निवृत्तीनंतर कपाट उघडलं तर आत उन्हाळ्यात काढून ठेवलेला स्वेटर होता.

हे नियम पहिल्यापासून असे नव्हते, हे मला मुलाकडून कळलं. तो कॉलेजात असल्यापासून हा खेळ खेळतोय. सुरुवातीला इन्स्टंटपेक्षाही घाईची एक जात होती. तिचं नावच 'इंटरप्ट'. काउंटरस्पेल आधी याच जातीचं. इंटरप्टला उत्तर फक्त इंटरप्टनंच द्यायचं. त्यातून इतका घोळ व्हायचा की १९९९ साली सहाव्या आवृत्तीबरोबर ती जात रद्द करून सगळे इंटरप्ट इन्स्टंट केले आणि ही चळतीची पद्धत आणली. आमच्या घरी मात्र इंटरप्ट अजून चालू आहे. मी हे वाक्य मोठ्यानं म्हणत असताना मध्येच सौभाग्यवतींनी विचारलं, "औषध घेतलंत का?"

२००९ पर्यंत आणखी एक बहार होती. लढाईतला मारसुद्धा चळतीवर ठेवला जायचा. म्हणजे तुमच्या प्राण्यानं फटका उगारला, फटका चळतीवर वाट पाहतोय, तोवर प्राणी स्वतःचा बळी देऊन आणखी एक उपद्रव करून मोकळा. तो गेला तरी फटका बसायचाच. 'मॉग फॅनॅटिक' नावाचा एक चिमुकला बुटका यात तरबेज होता. २००९ साली ही सवलत काढून घेतली. मुलगा हे सांगताना असा हळवा झाला की जुन्या पेन्शन योजनेची आठवण यावी.

त्याच वर्षी दुसरा एक नियम गेला, आणि तो ऐकून मी खुर्चीत सरळ बसलो. मॅना काढला आणि टप्पा संपायच्या आत खर्च केला नाही तर तो नाहीसा होतो. हे आजही आहे. पण २००९ पर्यंत जितका मॅना शिल्लक राहील तितके तुमचे प्राणही जायचे. म्हणजे अखर्चित निधी परत जायचा तो जायचा, वर मागवणाऱ्याला चटका! एकतीस मार्चच्या रात्री साडेअकराला मी जी देयकं मंजूर होताना पाहिली आहेत, त्यांचं मूळ कुठं आहे ते मला रेंटनजवळ बसून समजलं.

आणि ज्याच्यावर हरकतच घेता येत नाही असंही पान आहे बरं का. २००६ सालापासून काही मंत्रांवर 'स्प्लिट सेकंड' असं लिहिलेलं असतं. तो चळतीवर आहे तोवर कुणी दुसरा मंत्र टाकायचा नाही. मॅना तेवढा काढता येतो. म्हणजे पैसे काढून हातात धरा, दुकान बंद. हे सामर्थ्य मी आयुष्यात एकाच उच्चारात पाहिलं. आमच्या आईचं 'असू दे'. ती 'असू दे' म्हणाली की वडील, काका, मी, सगळे जमिनी आडव्या करून बसायचे.

शुक्रवारी संध्याकाळी नातू मला दुकानात घेऊन गेला. शुक्रवारी तिथं जमून खेळायची पद्धत आहे. लांब टेबलं, खाऱ्या बिस्किटांचा वास, आणि आमच्यासारखा सत्तरीतला कुणीच नाही. माझ्यासमोर दंडावर ड्रॅगन गोंदवलेला दाढीवाला बसला. मी अस्वल हल्ल्याला पाठवलं. त्यानं आपला तीन-तीनचा प्राणी अडवायला आडवा घातला. त्यानं तो घातला म्हटल्यावर, मार बसायच्या आधी, त्या चिमूटभर फटीत मी जायंट ग्रोथ टाकलं. आधी टाकलं असतं तर त्यानं आडवा घातलाच नसता. नंतर टाकलं असतं तर अस्वल गेलं होतं. दाढीवाल्यानं माझ्याकडे पाहिलं, आपला प्राणी उचलून ग्रेव्हयार्डमध्ये ठेवला आणि म्हणाला, "नाइस." डाव मी हरलो तो भाग वेगळा.

शेजारच्या टेबलावर वाद झाला तेव्हा एकानं हात वर करून 'जज' अशी हाक मारली. एक शांत बाई आल्या, दोघांचं ऐकलं, निवाडा दिला आणि गेल्या. वाद मिटला. कुणी 'बघून घेईन' म्हणालं नाही. मुलानं सांगितलं की मोठ्या स्पर्धांत एकेक शब्द मोजला जातो. २०१७ साली डब्लिनच्या स्पर्धेत एक जण नुसतं 'कॉम्बॅट' म्हणाला. त्याला हल्ल्याआधी आपल्या वाहनाच्या पानात माणसं बसवायची होती. जज म्हणाले, तू तो शब्द उच्चारलास तिथंच ती वेळ टळली. डबल बेल दिल्यावर सीट कसल्या भरता? पुढे स्पर्धांचा हा नियम सुधारला म्हणतात, पण त्या माणसाची गाडी सुटली ती सुटली.

परतीच्या आठवड्यात मला झोप येईना. पहाटे तीनला उठून मी खेळाचं नियमपुस्तक संगणकावर वाचायला घेतलं. अडीचशेहून जास्त पानं. लोक कंटाळले असते. मी महाराष्ट्र नागरी सेवा नियम, १९८१ पोटनियमांसकट वाचून पगार घेतलेला माणूस. असं चोख, पोटकलमी, 'अन्यथा नमूद नसल्यास' छापाचं गद्य मला कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं. २०१९ साली तिघा अभ्यासकांनी सिद्ध केलं आहे की संगणक जे जे हिशेब करू शकतो ते सगळे या खेळाच्या नियमांतून करवून घेता येतात. मला त्याचं नवल वाटलं नाही. आमच्या रजा नियमांवर कुणी असं बसलेलं नाही, इतकंच.

आणि नियम ११७ वर माझं बोट थांबलं. वेळ आणि प्रायॉरिटी. सगळ्या खेळाडूंनी ओळीनं पास म्हटल्याशिवाय चळतीवरचं पान उघडत नाही. मी ते दोनदा वाचलं. थँक्सगिव्हिंगच्या दुपारी, पहिल्या डावात, नातवानं बोल्ट टाकला आणि अस्वल उचलून ढिगात ठेवलं. मी पास म्हटलं नव्हतं. मला कुणी विचारलंच नव्हतं. मी चष्मा पुसत होतो! माझी जमीन उभी होती, ग्रोथ हातात होती आणि हरकत घ्यायचा हक्क माझा होता.

सकाळी तो सीरियल खात असताना मी मुद्देसूद तक्रार मांडली. दिनांक, प्रसंग, नियम क्रमांक. त्यानं चमचा खाली ठेवून नीट ऐकून घेतलं.

"आबा, तू बरोबर आहेस," तो म्हणाला. "मी चुकलो. पण जजला तेव्हाच बोलवायचं असतं. आता मॅच संपली."

यावर मला काही बोलता येईना. तेहतीस वर्षं लोकांच्या अर्जांवर मी स्वतः हाच शेरा मारत आलो: विषय मुदतबाह्य, दप्तरी दाखल.